मेंबर, फाइंड की हातचा लूप? लिस्पच्या यादीतला शोध मोजताना

प्रश्न थोडक्यात असा: कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत, तिच्या एसबीसीएल या 64-बिट अंमलबजावणीवर, सुमारे 10,000 मराठी शब्दांची एक यादी आहे. मजकुरातला प्रत्येक शब्द त्या यादीत आहे का, ते पाहायचंय. शोधाची तयार फंक्शनं मेंबर, फाइंड, पोझिशन आणि यादीचा एकेक घटक घेणाऱ्या डूलिस्टनं हाती लिहिलेला लूप, यांत वेगवान कोण? विचारणाऱ्यानं प्रत्येकाला लाख फेऱ्यांच्या लूपमध्ये घातलं, स्पीड 3 आणि सेफ्टी 0 (वेग सगळ्यात जास्त, तपासण्या बंद) असं जाहीर केलं आणि वेळ मोजणारा टाइम लावला. तुलना सगळीकडे इक्वलनं, म्हणजे आतली अक्षरं ताडून. मेंबर आणि फाइंड शून्य सेकंदात आटोपले, हातचा लूप रेंगाळला. ‘माझा लूप इतका वाईट आहे का?’

तुमचा लूप वाईट नाही. त्या शर्यतीत खरं धावला तो एकटाच.

एसबीसीएलच्या कंपायलरला स्वतःच्या फंक्शनांची कुंडली पाठ असते. अमुक फंक्शन बाहेर काही बदलत नाही, फक्त उत्तर देतं, हे त्यानं नोंदवून ठेवलेलं असतं. अशा फंक्शनचं उत्तर कुणी वापरतच नसेल तर तो कॉल गाळून टाकायची त्याला मुभा आहे. मेंबर, फाइंड, पोझिशन तिघंही याच वर्गातले, आणि तुलनेला दिलेला इक्वलही तसाच. एरवी चुकीचा डेटा आला तर एरर द्यायला हवी म्हणून तो थोडा जपून वागतो, पण सेफ्टी 0 लिहून ते बंधन तुम्हीच काढून घेतलंत. उरल्या लाख रिकाम्या फेऱ्या, त्यांना वेळ तो किती लागणार! तुमचा डूलिस्ट मात्र त्याच्या दृष्टीनं नुसता एक लूप. तो संपतो की नाही हे कंपायलरला सिद्ध करता येत नाही, म्हणून त्यानं तो इमानेइतबारे चालवला.

तेव्हा आधी मोजणी सुधारा. शब्द सापडला की एक आकडा वाढवा आणि शेवटी तो आकडा फंक्शनमधून परत करा. उत्तर वापरलं गेलं की कॉल गाळता येत नाही. यादी आणि शब्द दोन्ही आर्ग्युमेंट म्हणून बाहेरून द्या. कोडमध्येच कोट करून लिहिलेली छोटी यादी दिसली तर एसबीसीएल मेंबरचा कॉल उलगडून त्याच्या जागी तुलनांची साखळी लिहितो, आणि शोधायची वस्तूही स्थिर असेल तर उत्तर कंपाइल होतानाच काढून मोकळा होतो. मग तुम्ही यादीतला शोध मोजत नसता, कंपायलरची हुशारी मोजत असता. तीही मोजण्यासारखी गोष्ट आहे, पण प्रश्न तो नव्हता.

शोध यादीत कुठे संपतो याचाही हिशेब धरा. पहिल्याच घरात सापडणारा शब्द, शेवटच्या घरातला आणि यादीत नसलेला, असे तीन वेगळे आकडे काढा. लोक बहुतेक वेळा मधलाच एखादा शब्द घेतात आणि ‘सरासरी’ म्हणून मोकळे होतात. तुमच्या कामात यादीत नसलेले शब्द जास्त येत असतील तर प्रत्येक वेळी पूर्ण 10,000 घरं चालावी लागणार. दोन लाख शब्दांचा मजकूर आणि त्यातला एकही शब्द यादीत नाही असं धरलं, तर तुलना होतात 200 कोटी. तिथे मेंबर आणि फाइंड यांच्यातल्या उन्नीस-बीस फरकाला काही अर्थ राहत नाही. याकडे शेवटी येतोच.

टाइमच्या उत्तरात सेकंदांखाली एक ओळ असते, किती बाइट नवी मेमरी घेतली याची. सेकंदांच्या आधी ती वाचायची सवय लावून घ्या. नुसत्या शोधाला नवी मेमरी लागायचं कारणच नाही, आकडा शून्याच्या आसपास हवा. नसेल तर कळ कुठेतरी दुसरीकडे आहे. हे मी ठेच खाऊन शिकलो. एका कामात दोनेकशे नावांची यादी होती, इंग्रजी नावं, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न धरता शोधायची. रिपोर्ट संथ चालायचा. मी मेंबरच्या जागी फाइंड घातलं, मग लूप लिहिला, मग लूपमध्ये टाइप जाहीर केले. दोन दिवस साप समजून भुई धोपटली. फरक नाही. शेवटी एसबीसीएलसोबत येणारा, वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफाइलर लावला तेव्हा दिसलं की सगळा वेळ स्ट्रिंग-अपकेस खातंय. ते मी :की (तुलनेआधी प्रत्येक घटकावर चालवायचं फंक्शन) म्हणून दिलं होतं, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नावासाठी, प्रत्येक शोधात, मोठ्या अक्षरांची एक नवी स्ट्रिंग तयार होत होती आणि लगेच कचऱ्यात जात होती. :की काढून :टेस्ट (तुलनेचं फंक्शन) म्हणून लहान-मोठी अक्षरं एक मानणारं स्ट्रिंग-इक्वल दिलं आणि प्रश्न मिटला. शोधाचं फंक्शन कुठलं, याचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

खरा फरक पडतो तो याच ठिकाणी, तुलना कशानं करता यात.

ईक्यू दोन पॉइंटर, म्हणजे वस्तूंचे मेमरीतले पत्ते, एकच आहेत का एवढंच बघतं. मशीनच्या भाषेत एक तुलना, संपलं. ईक्यूएल त्याच्या एक पाऊल पुढे: पॉइंटर वेगळे असले तरी एकाच जातीची दोन मोठी पूर्णांक किंवा दशांश मूल्यं असतील तर आतली किंमत तपासतं. कॉमन लिस्पमध्ये मेंबर, फाइंड, जोड्यांच्या यादीत शोधणारं असॉक, सगळ्यांची न सांगता वापरली जाणारी तुलना हीच. इक्वल स्ट्रिंगच्या आत शिरतं, जोडयादीच्या आत शिरतं, आणि त्यासाठी आधी समोर आलेली वस्तू कुठल्या जातीची आहे हे विचारत बसतं. इक्वलपी त्याहून उदार, लहान-मोठी अक्षरं एक मानतं आणि अ‍ॅरेंच्या आतही उतरतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं हा प्रकारच नाही. मराठी शब्दांसाठी ‘सुरक्षित असू दे’ म्हणून इक्वलपी लावणारे मी पाहिलेत. प्रत्येक अक्षराला ‘तुझं दुसरं रूप आहे का?’ असं विचारत तो शोध पुढे जातो, आणि उत्तर दर वेळी ‘नाही’.

ईक्यू आणि इक्वल यांच्यातला फरक नुसत्या प्रोसेसरच्या सूचना मोजून कळत नाही, त्यासाठी मेमरीत काय घडतं ते बघावं लागतं. 64-बिट एसबीसीएलमध्ये यादीचं एक घर, म्हणजे एक कॉन्स, 16 बाइटचं असतं: 8 वस्तूच्या पॉइंटरचे, 8 पुढच्या घराचे. प्रोसेसर मेमरीतून साधारणपणे 64 बाइटचा घास उचलतो, म्हणजे घरं शेजारी-शेजारी असली तर एका घासात चार. ईक्यूला एवढ्यावर भागतं, कारण त्याला वस्तूपाशी जायचंच नसतं, तिचा पत्ता पुरतो. 10,000 घरांचे 1,60,000 बाइट, हल्लीच्या प्रोसेसरच्या दुसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये (जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) आरामात मावतात. इक्वलला मात्र प्रत्येक पत्त्यावर जाऊन दार ठोठवावं लागतं. स्ट्रिंग दुसरीकडे कुठेतरी पडलेली असते. एसबीसीएल देवनागरी स्ट्रिंगमधल्या प्रत्येक कोडपॉइंटला (अक्षर, मात्रा किंवा हलन्त यांच्या युनिकोड क्रमांकाला) 4 बाइट देतो, म्हणजे ‘दुसऱ्या’ एवढ्या शब्दाचे सात कोडपॉइंट आणि 28 बाइट, वर हेडर आणि लांबी. दर घरामागे एक उडी वाढली, आणि ती उडी कॅशबाहेर पडली की प्रोसेसर नुसता वाट बघत उभा.

यातूनच एक चमत्कारिक प्रकार होतो. तुम्ही यादी सॉर्ट केली आणि त्यानंतर शोध उलट संथ झाला, असं कधी दिसलं तर दचकू नका. यादीवरचं सॉर्ट नवी घरं बांधत नाही, आहेत त्या घरांचे ‘पुढचं घर कुठलं’ हे धागे बदलतं. आधी मेमरीत ओळीनं असलेली घरं आता कोलांट्या मारत गाठावी लागतात. सॉर्टनंतर कॉपी-लिस्ट करून घ्या, घरं पुन्हा ओळीत येतात. नको झालेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर फिरून गेला तरी हेच घडतं, कारण एसबीसीएलचा कलेक्टर यादी हलवताना पुढच्या घराचा माग काढत सलग मांडणी करतो. म्हणूनच एकच बेंचमार्क सकाळी एक आकडा देतो आणि दुपारी दुसरा. तुलना करायच्या आधी दोन्ही बाजूंना ताजी, सलग कॉपी द्यावी. निदान कचरा एकदा हातानं काढून मग सुरुवात करावी.

आता मेंबर विरुद्ध फाइंड. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी यावर फार वेळ घालवला नसता.

मेंबरला फक्त यादी चालते. सापडल्यावर ते त्या घरापासून पुढची सगळी शेपटी परत देतं. फाइंड यादी आणि व्हेक्टर (मेमरीत सलग मांडलेले घटक) दोन्हींवर चालतं आणि वस्तूच परत देतं. वस्तू स्वतःच निल (लिस्पमधलं ‘नाही’) असेल तर फाइंडच्या उत्तरावरून ती सापडली की नाही हे कळत नाही, हा त्याचा जुना दोष. ‘आहे की नाही’ एवढाच प्रश्न असेल तर मेंबर. वेगाचं म्हणाल तर मेंबरला समोर यादीच येणार हे ठाऊक असतं, त्यामुळे एसबीसीएल त्याचा कॉल तुमच्या तुलनेप्रमाणे आतल्या ठरावीक रूपांत वळवतो. ईक्यूसाठी वेगळं, :की दिली असेल तर वेगळं, :टेस्ट दिली असेल तर वेगळं. शोधायची वस्तू सिम्बॉल (लिस्पमधलं नाव, एका नावाची एकच वस्तू) किंवा लहान पूर्णांक आहे हे त्याला कळलं तर ईक्यूएलचं ईक्यूही तोच करून टाकतो, तुम्हाला :टेस्ट लिहायची गरज नाही. आकड्यांसाठी मुद्दाम ईक्यू लिहू नका. मोठ्या पूर्णांकांवर आणि डबल-फ्लोटवर, म्हणजे दशांश आकड्यांवर, ते गप्प चुकतं, आणि त्यातून मिळणारा वेग टाइप जाहीर करूनही मिळतो.

फाइंडला दिलेली चीज यादी आहे की व्हेक्टर हे कंपायलरला ठाऊक नसेल, तर ते चालताना ठरवावं लागतं, आणि दर घटकामागे तुलनेचं फंक्शन पॉइंटरमार्फत बोलवावं लागतं. तिथे ते मागे पडतं. ‘ही लिस्ट आहे’ असं जाहीर केलं की तोही कोड आत उलगडला जातो आणि दोघांतला फरक नावापुरता उरतो. फाइंड आणि पोझिशन यांच्या पोटात तर एसबीसीएलमध्ये एकच फंक्शन आहे, वस्तू आणि क्रमांक दोन्ही देणारं. एक जण पहिलं उत्तर उचलतो, दुसरा दुसरं. त्यांच्यात वेगाची तुलना करू नका. आधी पोझिशननं क्रमांक काढायचा आणि मग एनटीएचनं त्या क्रमांकाची वस्तू आणायची, हा उद्योग मात्र नवशिक्यांच्या कोडमध्ये हमखास दिसतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वस्तूपाशी उभं राहून परत यादीच्या तोंडाशी जायचं आणि पुन्हा चालत यायचं. मागून शोधायला सांगणाऱ्या :फ्रॉम-एंडचंही तसंच, यादी एकाच दिशेनं जोडलेली, तिला मागून आत शिरायला दार नाही.

हातचा लूप एसबीसीएलमध्ये मेंबरच्या बरोबरीनं धावतो, कारण दोन्हींचा शेवटी मशीन कोडच होतो. पण हे उत्तर एसबीसीएलचं आहे, लिस्पचं नव्हे. ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये मेमक्यू (ईक्यूनं शोधणारं मेंबर), मेंबर, असॉक ही फंक्शनं सी भाषेत लिहिलेली आहेत, तर तुमचा डूलिस्ट बाइटकोडमधून, म्हणजे मशीन कोडच्या अलीकडच्या मधल्या रूपातून, चालतो. तिथे हातचा लूप सपाटून हरतो. 2022 च्या ईमॅक्स 28 पासून नेटिव्ह कंपाइलची (थेट मशीन कोड करायची) सोय आली आणि अंतर कमी झालं, मिटलं नाही. शिवाय ईमॅक्समधलं सीएल-फाइंड हे आतून आधी सीएल-पोझिशन चालवतं आणि मग त्या क्रमांकावरची वस्तू आणतं, म्हणजे वरचा वळसा खुद्द लायब्ररीतच! मेमक्यू, असक्यू ही नावं मॅकलिस्प या जुन्या लिस्पच्या काळापासूनची. कॉमन लिस्पनं ती सोडून :टेस्टचा मार्ग घेतला, ईमॅक्सनं ती जपली, आणि ईमॅक्समध्ये सिम्बॉल शोधायचा तर आजही मेमक्यूच लिहावं. क्लिस्पसारख्या अंमलबजावणीत आणखी एक खड्डा आहे: प्रॉम्प्टवर लिहिलेलं फंक्शन कंपाइल न होता इंटरप्रिटरवर चालतं. आधी कंपाइल करा, मग मोजा. एसबीसीएल प्रॉम्प्टवरचंही कंपाइल करून चालवतो, म्हणून तुम्हाला हा त्रास झाला नाही.

जाता जाता एक गंमत. यादीत शोधणं संथ आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी सांगतो, लिस्पचा जन्मच त्यावर झाला. जॉन मॅकार्थी यांच्या 1960 च्या लेखातला जो इव्हॅल (लिस्पचा कोड चालवणारं फंक्शन) आहे, तो व्हेरिएबलची किंमत असॉकनं शोधतो. नाव आणि किंमत यांच्या जोड्यांची यादी, पुढून मागे चालत जायचं, पहिली जुळलेली जोडी खरी. म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल वाचणं हाच एक यादीतला शोध होता. नवी जोडी पुढे चिकटवली की जुनी आपोआप झाकली जाते, हा असॉक-यादीचा गुण आजही कुठल्या हॅश टेबलात (किल्लीवरून काढलेल्या आकड्यानं, हॅशनं, थेट जागा गाठणाऱ्या टेबलात) सहजी मिळत नाही.

तुमच्या 10,000 शब्दांना मात्र यादी नको. इक्वल तुलनेचं हॅश टेबल करा, किंमत म्हणून नुसता टी (लिस्पमधलं ‘हो’) ठेवा आणि शोधायला गेटहॅश वापरा. शब्द एकदा पूर्ण वाचून त्याचा हॅश निघेल, मग एक-दोन तुलना. 200 कोटींच्या जागी काही लाख. टेबल बनवताना :टेस्ट सांगायला विसरू नका. न सांगता मिळतं ते ईक्यूएल, आणि ईक्यूएलला दोन वेगळ्या स्ट्रिंग कधीच सारख्या वाटत नाहीत, भले अक्षरं तीच असोत. टेबल रिकामं असल्यासारखं वागेल आणि वेग बघून तुम्ही खूश व्हाल. स्ट्रिंगच्या जागी पूर्ण याद्या किल्ली म्हणून घालायच्या असतील तर सावध राहा: एसबीसीएल यादीचा हॅश काढताना थोड्याच घटकांपर्यंत जातो, त्यामुळे सुरुवात सारखी असलेल्या लांब याद्या एकाच डब्यात कोंबल्या जातात. ईक्यू टेबलातही एक मेख आहे. बऱ्याच वस्तूंचा हॅश त्यांच्या पत्त्यावरून निघतो, गार्बेज कलेक्टरनं वस्तू हलवल्या की पत्ते बदलतात आणि टेबल पुन्हा लावावं लागतं. 

शब्द इंटर्न करून (लिस्पच्या नावांच्या टेबलात घालून) सिम्बॉल बनवा आणि मग मेंबर ईक्यूनं शोधा, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. एकदाच शोधायचं असेल तर तो पोकळ आहे. इंटर्न स्वतःच पॅकेजच्या टेबलात नावावरून शोध घेतं, म्हणजे हॅशचा खर्च तुम्ही केलातच, वर यादीही चाललात. एकच शब्द पुढे दहा ठिकाणी ताडून बघायचा असेल तर मात्र इंटर्नचे पैसे वसूल होतात.

आणि वेगाआधी हे तपासा: तुमचे शब्द जुळायला हवेत तिथे जुळतायत का? ‘दुसऱ्या’ मधला ऱ एकाच कोडपॉइंटचा असू शकतो, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन कोडपॉइंटचा. दिसतात सारखे, इक्वलच्या लेखी वेगळे. यादी एका कीबोर्डवर टाइप झालेली आणि मजकूर दुसऱ्या, तर असे शब्द सापडतच नाहीत, आणि न सापडणारा शब्द म्हणजे यादीची पूर्ण फेरी. एसबीसीएलच्या एसबी-युनिकोड पॅकेजमधलं नॉर्मलाइझ-स्ट्रिंगला एनएफसी सांगितलं की ते दोन्ही बाजूंना त्या एकाच, जोडून लिहिलेल्या रूपात आणून ठेवतं. र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून लिहिलेला तिसरा प्रकारही जुन्या फायलींत आढळतो. तो एनएफसीनं बदलत नाही, स्वतः शोधून बदलावा लागतो. हे सगळं टेबल भरताना एकदा आणि मजकूर वाचताना एकदा करायचं. तुलनेच्या आत, :की म्हणून, मुळीच नाही. स्ट्रिंग-अपकेसची गोष्ट वर सांगितलीच.

यादी ठेवायची ती छोट्या कामाला. ला, ना, ने, नी, त, हून असे दहा-पंधरा प्रत्यय शब्दाच्या शेवटी आहेत का हे पाहायचं, तर तिथे हॅश टेबलची यातायात करू नका. अशा आकाराला बहुतेक तुलना पहिल्या अक्षरावरच फसतात, आणि स्ट्रिंगचा पूर्ण हॅश काढण्याआधी यादी चालून होते. जास्त येणारे प्रत्यय पुढे ठेवा. निश्चित आकडा हवा असेल तर उत्तर वापरणारा, बाहेरून यादी घेणारा तो सुधारलेला लूप तुमच्याकडे आता आहेच. 5, 10, 20, 40 अशा लांबीच्या याद्या आणि तेवढीच टेबलं त्यातून चालवा, कुठे बाजू पलटते ते तुमच्या मशीनवर अर्ध्या तासात दिसेल. सेफ्टी 0 तेवढं काढून 1 करा. आर्ग्युमेंट चुकलं तर निदान एरर येईल.